काळ्या कापडातली काच

दीनाबाईंचं पत्र मी पहिल्यांदा वाचलं ते वाचनालयाच्या मागच्या पायरीवर बसून. पोस्टमन म्हणाला, "पाटणेसाहेब, इस्राएलचं तिकीट आहे. नातवाला द्या." मला नातू नाही हे त्याला ठाऊक होतं, सवयीनं बोलला असेल. निळं पाकीट, आत दोन कागद, शाळेत गिरवलेलं स्वच्छ मराठी अक्षर. शेवटच्या ओळीत एक प्रश्न होता, त्यांच्या वडिलांविषयी. एका शब्दाचं उत्तर पुरलं असतं. मी ते पत्र शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवलं आणि निवृत्त होताना तो खंड जुना झाला असं सांगून घरी आणला.

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर पासष्ट सालापासून सुरुवात करावी लागते. मी ती अनेकदा केली आणि अनेकदा फाडली. मला लिहिता येतं असं मला कधी वाटलं नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी लिहिलेलं फळीवर लावलं.

वेळशेतला तेव्हा एकच फोटो स्टुडिओ होता, शलोम पेझारकरांचा. ते बेने इस्राएल, म्हणजे इथले यहुदी. त्यांचे आजोबा घाणा चालवत आणि शनिवारी बैल सोडून देत, म्हणून गाव त्या घराला अजून शनवार तेली म्हणायचं. त्या वर्षी वाचनालयाचा अमृतमहोत्सव होता. अध्यक्ष विश्वासराव टिपणीस यांनी ठरवलं की जुन्या वेळशेतच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं. जुने फोटो म्हणजे पेझारकरांकडच्या काचेच्या प्लेटा, आणि त्या मागायला मला पाठवलं. मी ग्रंथपाल, तिशीतला, कोणाकडे काही मागायचं तर आधी तीनदा दारावरून पुढे जाणारा.

"आत या, पाटणे," पेझारकरकाका आतून म्हणाले. "तिसरी खेप आहे तुमची. रस्ता झिजेल."

त्यांनी प्लेटा दाखवल्या. लाकडी खाचांत उभ्या, एकेका काचेवर गाव उलटं पडलेलं: पांढऱ्या केसांच्या जागी काळे, पांढऱ्या साड्यांच्या जागी काळ्या. होडीची शर्यत, शाळेचा पहिला वर्ग, धरमतरची पहिली बस. मी एकेक उजेडात धरत होतो आणि ते माझ्या बोटांकडे बघत होते.

"कडेला धरा. अंगठा उमटतो. माझा अंगठा नाही एकाही काचेवर."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, तुमच्या धर्मात मूर्ती नाही, चित्र नाही. मग तुम्ही या धंद्यात कसे?"

"सगळे विचारतात," ते म्हणाले. "मूर्ती करू नये आणि तिच्यापुढे वाकू नये, असं आहे. मी कुठे करतो? करतो तो उजेड. मी नुसतं झाकण काढतो नि लावतो." मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मला शिकवलं ते लेवीसाहेबानं. जर्मनीतला यहुदी. हिटलरनं हाकलला म्हणून मुंबईला आला. तो सांगायचा, त्याच्या शहरात दर दुसरा स्टुडिओ आमच्या लोकांचा. मी म्हटलं, असं का हो? तर म्हणाला, बाकीच्या धंद्यांत दारावर आधीच कोणीतरी बसलेलं असायचं, आम्हाला आत घ्यायचं नाही. हा धंदा नवा. याच्या दारावर कोणी बसलेलं नव्हतं. आणि एका रात्रीत निघायची वेळ आली तर आमच्या आज्याचा घाणा काय उचलणार? कॅमेरा बगलेत मावतो."

"त्यानं आणला का बगलेत?"

"आणला. बायको राहिली."

मी हातातली काच खाचेत परत ठेवली.

निघताना मी खालच्या फळीवरच्या पेटीला हात लावला. काळं कापड, वर सुतळी. "ती नाही," ते म्हणाले.

त्या पेटीत मढ्यांचे फोटो होते. तेव्हा घरात कोणी गेलं की फोटोग्राफरला बोलवायचे. कितीकांचा तो आयुष्यातला पहिलाच फोटो असायचा. सगळ्या जातींचे लोक पेझारकरांना बोलवत. ते घरच्यांना एक प्रत देत आणि काच काळ्या कापडात ठेवत. यहुद्यांमध्ये फाटकी धर्मपुस्तकं जाळत नाहीत, रद्दीत घालत नाहीत; ती कब्रस्तानात पुरतात. काही वर्षांनी तसा दिवस आला की पेझारकर आपली पेटीही तिथं न्यायचे आणि त्या काचांना पुस्तकांच्या शेजारी माती द्यायचे. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांचा त्यांनीच घालून घेतलेला नेम होता.

"बाकीच्या सगळ्या न्या," ते म्हणाले. "रविवारी या. मी स्वतः बांधून देतो. मात्र फोटोखाली माझं नाव घाला हो. एवढंच."

मी विश्वासरावांना सगळं सांगितलं, काळ्या कापडासकट. ते पान लावत होते. "बरं बरं," म्हणाले.

शनिवारी दुपारी मी वाचनालय उघडलं तेव्हा मागच्या अंगणातून वास येत होता. उकळत्या सोड्याचा, आणि त्याच्या खाली दुसरा एक, खुरं उकळल्यासारखा. अंगणात विश्वासरावांचा गडी बारकू चुलीवर घमेलं ठेवून बसला होता. शेजारी कपडे धुवायचं मोठं टब होतं. तो चिमट्यानं काच उचलायचा, गरम पाण्यात बुडवायचा, आणि काचेवरचा थर सुटून वर यायचा, दुधावर साय यावी तसा. सायीवर तोंड असायचं. ते क्षणभर पाण्यावर पसरायचं, गालाजवळ घडी पडायची, मग विरघळून चिकट गोळा व्हायचा. बारकू तो बोटानं टबाच्या कडेला पुसायचा. टबाच्या कडेला ती माणसं राखाडी शेंबडासारखी साचली होती.

भिंतीला स्वच्छ काचा वाळत उभ्या होत्या. काळं कापड बारकूनं हात पुसायला घेतलं होतं.

"हे काय चाललंय?"

"कपाटांना काचा पायजेत ना," बारकू म्हणाला. "भाऊसाहेबांनी सांगितलं. चांगल्या प्लेटा आत ठेवल्यात, ही फक्त मढी हायत." त्यानं एक काच माझ्यापुढे धरली. "ही बगा, म्हातारी. डोळं उघडं ऱ्हायलं हुतं तिचं."

मी नळाकडे गेलो. चूळ भरली. तो वास टाळूला चिकटून राहिला.

विश्वासराव आले ते शीळ घालत. मी म्हणालो, "भाऊसाहेब, पेझारकर रविवारी देणार होते."

"गेलो होतो सकाळी. ओट्यावर बसले होते, पांढरे कपडे घालून. म्हणाले, आज शनवार, आज मी देत नाही, घेत नाही. मी म्हटलं, तुम्ही देऊ नका, आम्ही घेतो. हसले आणि प्रार्थनेला गेले. किल्ली खिळ्यालाच होती."

"त्यांना ती थट्टा वाटली असेल."

"मग हसले की नाही?" विश्वासरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ग्रंथपाल, तुम्ही पुस्तकं सांभाळा. मढी सांभाळायला गावात दुसरे लोक आहेत."

माझा खांदा मी घरी जाऊन धुतला. असलं सांगायला मला लाज वाटते, पण धुतला.

आकाशात तारे दिसल्यावर यहुद्यांचा शनिवार संपतो. तारे दिसले आणि पेझारकर आले, पांढऱ्या कपड्यांतच. विश्वासराव निघून गेले होते. मी दारात होतो. मला बोलावं लागलं नाही. वास सगळीकडे होता आणि तो त्यांच्याइतका कोणाला ओळखता आला असता?

ते टबाशी वाकले. बोट पाण्यात घातलं आणि बोटांवर चिकटलेलं निरखलं.

"सगळ्या?" त्यांनी बारकूला विचारलं.

"पेटी रिकामी केली, काका."

"तळाला एक होती. फडक्यात वेगळी बांधलेली. लहान."

बारकू म्हणाला, "पेटी भाऊसाहेबांनी उघडून दिली. मी मिळल ते धुतलं."

पेझारकर टबापासून उठले. मग म्हणाले, "पाटणे, हातगाडी कोणाची आहे?"

आम्ही दोघांनी ते टब हातगाडीवर चढवलं. पाणी हिंदकळू नये म्हणून त्यांनी वर तेच काळं कापड ताणून बांधलं. टेकडीखालच्या कब्रस्तानात फाटकी पुस्तकं पुरतात त्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः खड्डा खणला. मला कुदळ दिली नाही. आम्ही टब कलंडलं. माती ते पाणी पटकन पिईना. वर फेस राहिला, करडा. पेझारकर तो जिरेपर्यंत उभे राहिले आणि हिब्रूत काही पुटपुटले. शेवटी मला म्हणाले, "बायकोला यातलं काही कळायला नको. तिला वाटतं, पेटी गेल्या खेपेलाच मातीत गेली, सगळी."

मला वाटलं, ते परक्यांच्या मढ्यांसाठी एवढे हलले आहेत. माणूस मोठा आहे असंही वाटलं. मी पुस्तकांत वाढलेला. मला माणसं मोठी वाटायला वेळ लागत नाही.

महोत्सवाचा मुख्य समारंभ डिसेंबरच्या अखेरीस झाला. मंडप, समया, पेढ्यांची खोकी, अत्तरदाणी. भिंतीवर जुनं वेळशेत लागलं होतं आणि प्रत्येक फोटोखाली छापलं होतं: टिपणीस संग्रह. मी छापखान्याला दिलेल्या मजकुरात दुसरं नाव होतं. मी विश्वासरावांकडे बघितलं. ते पाहुण्यांना हार घालत होते.

पेझारकरांना सत्कारासाठी बोलावलं होतं. बायकोनं इस्त्री केलेला काळा कोट घालून ते माझ्या शेजारी बसले. "कोणाचा संग्रह?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. "असू दे," ते म्हणाले. "काचा शाबूत आहेत ना?"

मग विश्वासरावांनी माईकवरून जाहीर केलं की त्यांच्या पेढीतर्फे नव्या वर्षाचं कॅलेंडर घरोघर भेट देण्यात येत आहे. दोन मुलींनी रेशमी पडदा ओढला.

निद्रिस्त बाळकृष्ण. गोधडीवर निजलेलं वर्षा-दीड वर्षाचं मूल. गाल गुलाबी, ओठ लाल, कपाळावर गंध, केसांत मोरपीस, मुठीशी बासरी. अंग फिकट निळं. मंडपात सगळीकडून "अगं बाई" असा आवाज उठला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी उठून हात जोडले. दुसरीनं निरांजन ओवाळलं, कुंकू लावलं. कागदावर लाल बोट ओघळलं. एक आजी म्हणाली, "किती शांत झोपलाय गो."

पेझारकर उठले. मला वाटलं, त्यांनी नाव पुकारलेलं ऐकलं. पण नाव अजून पुकारलं नव्हतं. ते चित्रापाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी जवळून पाहू लागले, दुसऱ्या फोटोग्राफरचं काम बघावं तसे. मी मागे गेलो.

"पापण्या रंगवल्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "उजेड डावीकडून आहे, मोरपिसाची सावली उजवीकडून पडलीय. गोधडी तशीच ठेवली. चांगलं केलं. गोधडी सिगुलाची आहे."

सिगुलाबाई म्हणजे त्यांची बायको.

"काका?"

"हा आमचा एलिया, पाटणे. दीनाच्या आधीचा. ताप होता. मी सकाळी फोटो काढला, दुपारी नेला." त्यांनी चष्मा खाली घेतला. "दर खेपेला पेटी मातीत जायची. ही एक काच मी मागे ठेवायचो. म्हणायचो, पुढच्या खेपेला. त्या दिवशी टब कलंडलं तेव्हा म्हटलं, चला, सुटला एकदाचा."

आमच्या बाजूनं एक बाई पुढे आली, तिनं चित्राला डोकं टेकवलं आणि पेझारकरांना म्हणाली, "जरा सरा ना काका, दर्शन घेऊ द्या."

ते सरले.

माईकवरून त्यांचं नाव घेतलं गेलं. ते गेले. विश्वासरावांनी त्यांना शाल घातली, नारळ दिला आणि लाल दोऱ्यानं बांधलेली कॅलेंडरची गुंडाळी हातात ठेवली. माझ्या हातात कोणीतरी पेढा ठेवला होता. तो बोटांत कधी चुरगळला कळलं नाही. तूप मनगटापर्यंत आलं होतं.

समारंभ संपल्यावर पेझारकर मंडपाच्या मागे विश्वासरावांपुढे उभे राहिले. "प्लेट द्या," एवढंच म्हणाले.

"कुठली? ती होय. छपाईचा ब्लॉक करताना प्रेसमध्ये फुटली हो. टाकून दिली असणार." विश्वासराव दात कोरत होते. "पण काम झकास झालं की नाही?"

मी बोललो. बहुधा आयुष्यात तेवढंच. "भाऊसाहेब, ते मूल मेलेलं आहे."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मला काय कळत नाही? ओठ काळे पडले होते. ते गुलाबी करताना आर्टिस्ट मेटाकुटीला आला. पण मुंबईहून बाळकृष्णाचं चित्र आणा, त्याचे हक्क घ्या, कोणी सांगितलंय? आणि आता ते बघून कोणाला कळणार आहे?" मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते पेझारकरांकडे वळले. "तुमच्या ओळखीतलं होतं का कोणी?"

पेझारकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. एखाद्या गिऱ्हाइकाला प्रकाशात कुठे बसवावं हे ठरवताना ते जसं बघत तसं. "नाही," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा कब्रस्तानात गेलो. त्यांनी ती गुंडाळी उघडली नाही. सत्काराच्या शालीत बांधली आणि त्याच कोपऱ्यात, त्या टबाच्या पाण्याच्या जागी पुरली. नारळ मला दिला. मी तो खाडीत टाकला.

पण एक कॅलेंडर पुरून काय होणार? वेळशेतमध्ये विश्वासरावांच्या पेढीनं एकही घर सोडलं नव्हतं. एलिया न्हाव्याच्या दुकानात होता, आरशाच्या वर. चहाच्या हॉटेलात होता, त्याच्यावर तेलकट वाफ जायची. दवाखान्यात होता. गोकुळाष्टमीला त्याला हार पडले. पेझारकर दाढी घरी करू लागले. मग चहाला बाहेर पडेनात. लग्नाच्या फोटोंना जाईनात, कारण लग्नघरी भिंत असते. एकदा मला म्हणाले, "पाटणे, लोक त्याच्यापुढे वाकतात. मी काय करू?"

वर्ष सरायच्या आत त्यांनी स्टुडिओ विकला आणि बायको-मुलीला घेऊन इस्राएलला गेले. बोटीवर चढताना कॅमेरा बगलेत होता, असं कोणीसं सांगितलं. कॅलेंडरवरचे महिने संपले, पण कितीतरी घरांनी खालचे कागद फाडून वरचं चित्र काचेत बसवून घेतलं.

दीनाबाईंनी पत्रात लिहिलं होतं की इथं अश्दोद शहरात आमच्याच बेने इस्राएलांतल्या एका शेजारणीनं ट्रंक उपसली आणि तळाशी हे चित्र निघालं. वेळशेतच्या कोणीतरी जाताना आठवण म्हणून दिलेलं. गोधडी आईच्या हातची, टाके ओळखीचे. आई तर म्हणायची, एलियाचा एकच फोटो होता आणि तो बाबांनी कधीच मातीला दिला. आई-बाबा दोघंही आता नाहीत, तुम्ही बाबांचे स्नेही होतात. मला खरं सांगा. आणि शेवटी तो प्रश्न: बाबांनी हे पाहिलं होतं का?

नाही म्हणावं तर खोटं. हो म्हणावं तर पुढचं सगळं तिच्या घरात जाणार: टब, सोडा, कुंकवाचं ओघळलेलं बोट. मला वाटायचं, तो वास परदेशी कशाला पाठवायचा. तो माझ्याकडेच राहू दे. असं म्हणत वीसेक वर्षं गेली.

गेल्या महिन्यात विश्वासरावांचा नातू निनाद माझ्याकडे आला. वाचनालयाला सव्वाशे वर्षं होतात, तोच आता अध्यक्ष आहे. वागायला नम्र. जोडे बाहेर काढून बसला, मोबाईल पुढे केला. पडद्यावर एलिया होता, मोरपिसासकट.

"काका, स्मरणिकेचं मुखपृष्ठ हेच करायचं म्हणतोय. केवढा गोड आहे ना? आजोबांचं कलेक्शन. दोन ओळी लिहून द्या, तुम्हाला त्या वेळचं माहीत आहे."

मी त्याला सांगितलं. एवढं सलग मी कधी कोणाशी बोललो नव्हतो. त्यानं मध्ये तोडलं नाही. त्याचा चेहरा उतरला, मोबाईल त्यानं पालथा ठेवला. मला बरं वाटू लागलं होतं. शेवटी तो म्हणाला, "बाप रे. वाईटच झालं हे, काका." मग, अगदी अजीजीनं: "पण डिझाईन छपाईला गेलंय. आणि तसं बघितलं तर, आता ते बघून कोणाला कळणार आहे?"

तोच वास आला. पन्नास वर्षांनी, माझ्या घरात, चहाचे कप समोर असताना.

"मला कळेल," मी म्हटलं. "आणि दीनाच्या घरी कळेल. मी आज लिहितोय. छापलंत तर ती विचारील, आणि मी नावासकट सांगेन."

तो जोडे घालून गेला. मुखपृष्ठाचं काय झालं मला अजून ठाऊक नाही.

मी दुपारी लिहायला बसलो. या खेपेला फाडलं नाही. "दीनाबाई, हो, बाबांनी पाहिलं होतं. त्यांनी तो फोटो कोणाला दिला नव्हता, तो चोरीला गेला. त्यांनी ती काच मातीला द्यायचं दर वेळी ठरवलं आणि दर वेळी मागे ठेवली, हे आईला कधी सांगितलं नाही. तुमच्याकडे जे चित्र आहे ते कृष्ण नाही, एलिया आहे. तिथं जशी रीत असेल तशी त्याला जागा द्या. इथली जागा कब्रस्तानात, पुस्तकं पुरतात त्या कोपऱ्यात आहे, मी कोणालाही दाखवीन." टबाचं आणि सोड्याचंही लिहिलं. वगळलं तर पुन्हा तेच झालं असतं.

पोस्टातल्या मुलीनं पाकीट वजनाला ठेवलं, पत्ता वाचला. "आजोबा, पत्ता खूप जुना दिसतोय. पोचेल का?"

"ठाऊक नाही."

"रजिस्टर करू? परत आलं तर कळेल."

"करा."

तिनं शिक्का मारला, जरा तिरका, आणि पाकीट मागच्या गोणीत टाकलं.